पुढची क्रूझ सिंगापूरहून करायची आहे, जहाज कसं निवडावं?

अप्पा टॉवेलवाले

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलचा धंदा. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथला माणूस क्रूझचं विचारतोय म्हणून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मागे आम्ही घरचे सगळे मुंबईहून कॉर्डेलियाच्या ‘द एम्प्रेस’वर गोव्याला जाऊन आलो. मंडळी खूश. आईला कांदा-लसूण चालत नाही, तिला जैन जेवण मिळालं. नात पूलमधून बाहेर यायला तयार नव्हती. मी मात्र रमलो टॉवेलात. खोली आवरणारा पोरगा संध्याकाळी टॉवेलचा हत्ती, हंस असं काहीतरी करून पलंगावर ठेवायचा. नात फोटो काढायची आणि तिचं झालं की मी हत्ती उलगडून जीएसएम (दर चौरस मीटरला कापडाचं वजन) किती असेल ते चाचपायचो. बायको म्हणाली, “समुद्रात आलात तरी गोडाऊन सुटंना तुमचं.”

आता सिंगापूरहून निघणारी एखादी क्रूझ घ्यावी असं सगळ्यांच्या मनात आहे. एजंटने तीन कागद पाठवलेत. एक जेंटिंग ड्रीम, एक रॉयल कॅरिबियन, एक डिस्नीचं नवीन जहाज. चौथा पर्याय म्हणजे सिंगापूर-बिंगापूर सोडायचं आणि पुन्हा मुंबईहूनच लक्षद्वीपची फेरी करायची. पासपोर्टची कटकट नाही.

मी वही घेऊन बसलो, रकाने आखले आणि तिथेच अडकलो. एका कागदावर भाव माणशी आहे, दुसऱ्यावर खोलीचा. एकात बंदराचा कर धरलाय, दुसऱ्यात ‘अधिक लागू कर’ असं बारीक अक्षरात. एक सिंगापूर डॉलरमध्ये, एक अमेरिकन डॉलरमध्ये, एक रुपयांत. सूत घेताना काउंट (सुताचा बारीकपणा) आणि वजन एका मापात आणल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही, इथं मापच सापडेना. एजंटला विचारलं तर म्हणतो, “अप्पा, तिन्ही एक नंबर आहेत.” तिन्ही एक नंबर असतील तर तुझं कमिशन कशाचं रे बाबा?

माणसं सहा. आई ७९ वर्षांची, वॉकर घेऊन चालते, जिना अजिबात जमत नाही, पण हौस माझ्यापेक्षा जास्त. आम्ही दोघं, मुलगा, सूनबाई आणि दुसरीतली नात. मुलगा घराबाहेर सगळं खातो, बाकी शाकाहारी. नातीला डिस्नी पाहिजे, कारण तिच्या वर्गात कुणीतरी सांगितलंय. मुलाला ते हवेत तरंगायचं यंत्र असलेलं रॉयलचं जहाज पाहिजे. दिवाळीच्या आधी मला धंद्यातून मान वर करता येत नाही आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत मी गाव सोडत नाही, नंदीध्वजाला खांदा देणाऱ्या घरातला आहे. म्हणजे दिवाळीनंतरची सुट्टी, नाहीतर मे महिना.

जहाजावर काय काय आहे त्याची यादी मला नको, ती माहितीपत्रकात आहे. एका जहाजाचा अनुभव असलेल्या माणसाने दुसरं निवडताना नेमकं काय शेजारी-शेजारी ठेवून बघायचं, ते कुणीतरी सांगा.

पार्क चौक

अप्पा, आधी विमानाचं बघा. सोलापूरकर सवयीने मुंबईचं तिकीट काढतात. आपल्याला हैदराबाद जवळ आहे, तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर, आणि तिथून सिंगापूरला थेट विमान आहे. उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद करत गेलं आणि पाटणचेरूला आउटर रिंग रोड पकडला की शहरात न शिरता थेट शमशाबाद विमानतळ. आजींना गाडीत मागची सीट देऊन नेता येईल. जहाज ज्या दिवशी सुटतं त्याच दिवशी सिंगापुरात उतरायचं मात्र करू नका. विमान लेट झालं तर जहाज थांबत नाही.

दर्यातला सोलापूरकर

अप्पा, नमस्कार. मी बुधवार पेठेतला. बरीच वर्षं जहाजांवर हाउसकीपिंगला होतो, म्हणजे तुम्ही ज्याचे हत्ती उलगडत होता तो पोरगा मीच समजा. (तो हत्ती करायला आम्हाला शिकवतात, आणि वेळ लावला तर सुपरवायझर ओरडतो.) मी कुठल्या कंपन्यांत होतो ते सांगत नाही, कारण त्याने तुमचा प्रश्न सुटत नाही.

तुमच्या वहीतल्या रकान्यांच्या वर कंपन्यांची नावं आहेत, तिथेच सगळं अडलंय. नावं खोडा आणि जहाजं लिहा. या धंद्यात पाटी बदलते, जहाज तेच राहतं. रॉयल कॅरिबियन तुम्हाला नवीन वाटत असेल. मालक, तुम्ही गोव्याला ज्यावर गेलात ते जहाज १९९० मध्ये रॉयल कॅरिबियनसाठीच बांधलं होतं, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने. मधे ते एका स्पॅनिश कंपनीकडे होतं, मग परत रॉयलकडे आलं आणि २०२१ पासून कॉर्डेलियाकडे. जेंटिंग ड्रीम २०१६ चं, जर्मनीतल्या मायर वर्फ्टमध्ये बांधलेलं. त्याची मूळची मालक कंपनी जेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये बुडाली, आणि त्याच वर्षी तेच जहाज रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस नावाखाली सिंगापूरहून पुन्हा सुरू झालं. पुढे २०२५ मध्ये पाटी पुन्हा बदलून स्टारड्रीम झाली. आणि नातीचं डिस्नी? तेसुद्धा त्याच बुडालेल्या जेंटिंगचं ‘ग्लोबल ड्रीम’, कारखान्यात अर्धवट पडलेलं. २०२२ मध्ये डिस्नीने ते विकत घेतलं, पुरं केलं आणि ‘डिस्नी ॲडव्हेंचर’ नाव दिलं. तुमच्या घरातल्या भांडणातली दोन जहाजं एकाच घरची आहेत.

हे गंमत म्हणून सांगत नाही. आपल्याकडे २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, २०१९ मध्ये जलेशची ‘कर्णिका’ आली, दोन्ही आज नाहीत. कर्णिका तर अलंगला भंगारात गेली. २०२३ च्या हिवाळ्यात ‘कोस्टा सेरेना’ मुंबईहून एक हंगाम करून गेलं. त्यामुळे फार पुढच्या तारखेचे पूर्ण पैसे कुणाकडेही आधी भरू नका, आणि ‘आमचा ब्रँड जुना आहे’ हे कारण म्हणून ऐकू नका. जहाज कुठलं, कधीचं, शेवटचं नूतनीकरण कधी झालं, एवढं विचारा.

आता माप. तुम्ही मागितलंय म्हणून देतो, आमच्यातली जुनी माणसं हेच बघायची. प्रत्येक जहाजाचा ग्रॉस टनेज नावाचा आकडा असतो. तो आतल्या बंदिस्त जागेवरून काढतात, वजनावरून नाही. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. जितका आकडा मोठा, तितकी माणसामागे जागा जास्त. तुमचं एम्प्रेस साधारण ४८,५०० टनेजचं, खोलीत दोघे धरले तर सोळाशे प्रवासी, म्हणजे ३०. जेंटिंग ड्रीम दीड लाखाच्या जरा वर, ३,३५२ प्रवासी, म्हणजे ४५. रॉयलची सिंगापूरला येणारी जहाजं बहुधा क्वांटम वर्गातली, म्हणजे एकाच नमुन्याची असतात. त्यातलं ‘अँथम’ घ्या, १,६८,६६६ आणि ४,१८० प्रवासी, म्हणजे ४०. एक काळजी घ्या, काही कंपन्या दोघांच्या हिशोबाचा आकडा सांगतात, काही जहाज भरगच्च असतानाचा. डिस्नी ॲडव्हेंचर २,०८,००० चं, पण त्याचा ६,७०० हा प्रवाशांचा आकडा भरगच्चचा आहे, त्यामुळे भागाकार ३१ आला म्हणून ते दाटीचं असं म्हणता येणार नाही. दोन्ही बाजूंना एकच हिशोब धरायचा, हे तुम्हाला सांगायला नको.

पण तुमच्या बाबतीत हे सगळं दुय्यम आहे. तुमचा निकाल आजींच्या वॉकरवर लागणार, आणि वॉकरचा निकाल बंदरावर.

जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात नांगर टाकतं, हे माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात कधीच नसतं. धक्क्याला लागलं तर फळीवरून चालत उतरायचं, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. नांगर टाकला तर जहाजाच्या पोटातल्या दारातून हलत्या छोट्या बोटीत पाय टाकायचा. लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागूच शकत नाही, सगळा प्रवास छोट्या बोटीतून. आजींसाठी चौथा पर्याय खोडा. फुकेतला पातोंगसमोर पुष्कळ जहाजं नांगर टाकतात, आणि मे ते ऑक्टोबर तिकडचा समुद्र खवळलेला असतो. बोटी नाही सोडल्या तर सगळे जहाजावरच. मलेशियातलं पोर्ट क्लांग धक्क्याचं बंदर, पण तिथून क्वालालंपूर तासाभराहून जास्त लांब. बसमध्ये जाऊन-येऊन आजी थकतील. मलेशियातलंच पिनांग मात्र हिरा आहे. स्वेटनहॅम पिअरला जहाज लागतं आणि बाहेर पडलं की जॉर्जटाउन शहरच समोर. वॉकर घेऊनही थोडं फिरता येतं, आणि लिटल इंडिया जवळ आहे.

डिस्नीचं उलटं आहे. त्याच्या सिंगापूरच्या फेऱ्या तीन-चार रात्रींच्या ठेवल्यात, आणि बंदर एकही नाही. जहाज समुद्रात फिरून परत. कुणी म्हणेल हे काय, पण आजींच्या दृष्टीने बघा, उतरायचं नाही, चढायचं नाही, दुसऱ्या देशाचे कागद नाहीत. फक्त त्याची पहिली फेरी डिसेंबर २०२५ वरून मार्च २०२६ वर ढकलली होती. नव्याकोऱ्या जहाजावर पहिल्या काही महिन्यांत कामगारांची घडी बसायची असते, हे मी आतून पाहिलेलं आहे. आणि पैसे सगळ्यात जास्त.

रॉयलची जहाजं सिंगापूरला बहुतेक हिवाळी हंगामापुरती येतात, वर्षभर नाही, आणि दर हंगामात तेच जहाज असेल असंही नाही. मे महिन्याचा कागद एजंटने दिला असेल तर तारीख पुन्हा विचारा. मुलाचं ते हवेत तरंगायचं यंत्र क्वांटम वर्गात आहे, बंपर कारही आहेत. तुमच्या मुलाने नेमका वर्ग ओळखलाय, हुशार आहे.

अप्पा टॉवेलवाले

तुम्हाला एकदा कारखान्यावर बोलावून चहा पाजला पाहिजे. नॉर्डिक एम्प्रेसचं ऐकून मुलगा पाच मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, मग म्हणाला, “खरंय की पप्पा.”

वहीत आता नवा रकाना केलाय, ‘धक्का की नांगर’. एजंटला फोन करून एवढंच विचारलं. तो म्हणाला, “बघून सांगतो.” म्हणजे आत्तापर्यंत त्यालाही कुणी विचारलेलं नव्हतं.

पैशाचं मात्र राहिलं. जाहिरातीतल्या भावावर अजून काय काय चढतं?

दर्यातला सोलापूरकर

चढतं बरंच. बंदराचा कर, मग बक्षिसी. ही बक्षिसी आपल्या मर्जीवर आहे असं वाटतं, पण ती रोजच्या रोज माणशी खात्यावर आपोआप लागते. रॉयलवर साध्या खोलीला माणशी रोज १८ डॉलरच्या आसपास, लहान मुलांनाही. सहा माणसं, चार रात्री, म्हणजे सव्वाचारशे डॉलरच्या वर. काही ठिकाणी ती आधी भरून घेतात, काही ठिकाणी शेवटच्या दिवशी बिलात दिसते. ती धरूनच तुलना करा. इंटरनेट वेगळं. मोबाइल जहाजावर चढताच एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं की रोमिंगचं बिल बघून घाम फुटेल. एजंट टीसीएस (परदेशी सहलीवर आधीच घेतला जाणारा कर) कापेल, तो आयकराच्या रिटर्नमध्ये वळता होतो, खर्चात धरू नका, पण हातातून तेवढे पैसे आधी जातात.

खोल्यांचं असं, की जाहिरातीतला भाव खोलीत दोघे धरून माणशी असतो. तिसरं माणूस बहुधा स्वस्त पडतं. सहा जणांना तीन-तीनच्या दोन खोल्या आणि दोन-दोनच्या तीन खोल्या, दोन्ही भाव मागवा. आजींसाठी मधल्या भागातली, लिफ्टजवळची खोली. मधे आणि खालच्या मजल्यावर जहाज कमी हलतं. ‘गॅरंटी’ नावाची स्वस्त खोली घेऊ नका, तिचा नंबर कंपनी शेवटी देते आणि ती टोकाला असू शकते. तसा मलाक्काच्या सामुद्रधुनीत समुद्र शांतच असतो, सुमात्राच्या आडोशाला. गोव्याला त्रास झाला नसेल तर इथे होणार नाही.

सूनबाई, जुळे सोलापूर

मी माझ्या सासूबाईंना क्रूझवर घेऊन गेले होते म्हणून दोन शब्द, जेवणाबद्दल आणि औषधांबद्दल.

‘शाकाहारी मिळतं’ आणि ‘कांदा-लसूण नसलेलं मिळतं’ यात फार अंतर आहे. जेंटिंग ड्रीमवाले भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची स्वतःच जाहिरात करतात, तिथे निम्मी काळजी कमी. रॉयलवर भारतीय पदार्थ असतात, पण कांदा-लसणाचं बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं लागतं, आणि पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमधल्या मुख्य वाढप्याला गाठून उद्याचं आज सांगायचं. तो माणूस एकदा ओळखीचा झाला की आजींची चिंता सोडा.

शेंगाचटणी न्यायचा मोह आम्हालाही झाला. घरी कुटलेली डब्यातून नेऊ नका, घरचं शिजवलेलं-केलेलं जहाजावर चढू देत नाहीत. नव्या पेठेतून सीलबंद पाकीट घ्या, ते चालतं. चहाची इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री मात्र नेऊ नका, सामानाच्या तपासणीत काढून घेतात.

सगळ्यात महत्त्वाचं, आजींचा प्रवास विमा. आपला इथला मेडिक्लेम तिथे सहसा कामाला येत नाही. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याची फी डॉलरमध्ये आणि जागच्या जागी. सत्तरीपुढच्यांना विमा देताना कंपन्या जुन्या आजारांचे कलम घालतात. बीपी-शुगर असेल तर ते कलम वाचून, विचारूनच पैसे भरा. एजंट पॅकेजमध्ये ‘विमा समाविष्ट’ लिहितो तो बहुतेकदा साध्या वयाच्या माणसाचा असतो. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते.

व्हिसा सिंगापूरचा लागतो, अधिकृत एजंटमार्फत. मधे पिनांगला उतरून परत यायचं म्हणजे सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश, तेव्हा मल्टिपल एंट्री आहे ना ते कागदावर बघा. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड परतीच्या वेळी पुन्हा भरावं लागतं, हे आम्हाला जहाजावरच्या लोकांनी सांगितलं. मलेशियाने भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून व्हिसा माफ केलाय, त्यांचंही एक डिजिटल कार्ड आहे. हे नियम बदलत राहतात, तिकिटाच्या आधी एकदा बघून घ्या.

पार्क चौक

अप्पा, लक्षद्वीप खोडलं तरी कॉर्डेलिया पूर्ण खोडू नका. नॉर्वेजियन क्रूझ लाइनची ‘स्काय’ आणि ‘सन’ ही दोन जहाजं ते भाड्याने घेणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालंय. स्काय ७७,००० टनेजच्या वर आणि दोन हजार प्रवासी. वरच्या मापाने ३८ येतो, मी आत्ताच भागाकार केला.

अप्पा टॉवेलवाले

बघा, सगळं गाव भागाकार करायला लागलं.

काल रात्री जेवणानंतर वही मधे ठेवून बसलो. रॉयल यावेळी बाद. मे महिन्यात जहाज नाही, आणि दिवाळीनंतरच्या तारखेला फुकेत आहे. एजंटने शेवटी कबूल केलं की तिथे छोटी बोट. मुलगा थोडा हिरमुसला, मग म्हणाला आपण दोघंच नंतर जाऊ, आजीला घरी ठेवून. आईने ते ऐकलं आणि त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डिस्नी आणि जेंटिंग यात खरी झुंज झाली. बंदर नसलेलं जहाज आईला सोयीचं हे पटलं, पण आईच म्हणाली, “दुसऱ्या देशात जायचं आणि जमिनीला पाय लावायचा नाही?” तिथे विषय संपला. शिवाय सहा माणसांचा डिस्नीचा भाव बघून माझी बायको, जी कधी हिशोबात पडत नाही, ती पडली. नातीला सांगितलंय की तिचं जहाज अन् हे जहाज एकाच घरचं. तिला पटलेलं नाही. टॉवेलचा हत्ती मिळेल का एवढंच विचारलं.

म्हणजे जेंटिंग ड्रीम, पिनांगची फेरी, दिवाळीनंतर, हैदराबादवरून. दोन खोल्या तीन-तीनच्या स्वस्त पडतायत, पण आई म्हणते मला खोलीत गर्दी नको. तिथं घोडं अडलंय.

दर्यातला सोलापूरकर

आजींना चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठीची खोली मागा. दार रुंद असतं, बाथरूमला उंबरा नसतो, न्हाणीत बसायची सोय आणि धरायला दांडे असतात. अशा खोल्या प्रत्येक जहाजावर मोजक्याच, आणि आधी जातात. एजंट ‘बघतो’ म्हणाला तर ऐकू नका, कंपनीकडून खोलीचा नंबर लेखी आल्यावरच पैसे भरा. आजी आणि वहिनी, दोघी सासू-सुना त्यात, बाकी चौघांचं बघता येईल. आणि पिनांगला जहाज किती वाजता लागतं ते विचारा. काही फेऱ्यांत ते दुपारनंतर लागतं आणि रात्री सुटतं, तेव्हा ऊन उतरलेलं असतं, आजींना तीच तारीख बरी.